दया कोणाच्या खर्चाने?

गेल्या फेब्रुवारीत आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेची मुले घेऊन आम्ही बेळगावहून गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोण तालुक्यातील गालजीबागच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सृष्टीच्या उत्पत्तीचा पाठ वर्गात शिकवून झाला होता. तो एकदा उघड्या आकाशाखाली शिकवावा, एवढाच हेतू. या किनाऱ्यावर दरवर्षी थंडीच्या दिवसांत समुद्री कासवांच्या माद्या रात्री वर येतात आणि वाळूत खड्डा करून अंडी घालतात. त्या जागेभोवती जाळीचे कुंपण घातलेले असते, आणि अंडी कोणत्या तारखेस घातली व किती घातली याची पाटी लावलेली असते. मुलांनी पाट्या वाचल्या, आकडे वह्यांत उतरवून घेतले, आणि आत काही हालते आहे काय म्हणून जाळीला नाक लावून पुष्कळ वेळ वाट पाहिली.

तेथून थोड्या अंतरावर सुरूच्या सावलीत एक वयस्क मच्छीमार जाळे तुणत बसले होते. मुलांनी त्यांना घेरले. त्यांनी आपल्या कोकणीत जे सांगितले ते असे. मागच्या हंगामात त्यांच्या जाळ्यात एक कासव अडकले. जिवंत होते. सोडवू लागले तसे ते अधिकच गुरफटत गेले. शेवटी त्यांनी सुरी काढली आणि जाळे कापले. कासव पाण्यात गेले. जाळ्याला मात्र असे भगदाड पडले की तेवढा भाग टाकून द्यावा लागला, आणि दुसरा जोडून होईपर्यंत होडी वाळूवरच राहिली. हे सांगताना त्यांच्या स्वरात बढाई नव्हती, कुरकूरही नव्हती. कोणाकडे काही मागायला आपण गेलो नाही, असेही ते सहज म्हणाले.

परतताना आम्ही वाटेतल्या बाजारात थांबलो. बेळगावची माणसे गोव्यास जाऊन मासे न घेता परत येत नाहीत! आम्ही बांगडे घेतले, मासळीवाल्या बाईशी घासाघीस करून तीस रुपये कमी करून घेतले, आणि बसमध्ये चढून ते अभिमानाने सांगितलेही. बस घाट चढू लागली तेव्हा सहावीतली एक मुलगी आमच्या शेजारी येऊन बसली व तिने विचारले, ‘‘सर, त्या आजोबांच्या जाळ्याचे पैसे कोणी दिले?’’

आम्ही म्हणालो, ‘‘कोणी नाही, बाळ. त्यांनी ते दयेने केले.’’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे त्यांनीच दिले.’’

प्रिय वाचकहो, हा लेख त्या एका वाक्याने आमच्याकडून लिहवून घेतला आहे.

ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही अशा आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडील बंधुभगिनींसाठी प्रथम या प्राण्याविषयी चार शब्द. आपल्या देशाच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात. गोवा व कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले. दोन-सव्वादोन फूट लांब आणि चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाची ही मादी एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते, ती वाळूने झाकते आणि निघून जाते. पिल्ले तिला कधी दिसत नाहीत. वाळूच्या उबेवर साधारण पन्नास दिवसांत अंडी फुटतात. पिल्लू नर होणार की मादी हेही त्या वाळूच्या उष्णतेवरच ठरते. तळहातावर मावणारी ती पिल्ले रात्रीच्या अंधारात पाण्यावरच्या उजेडाकडे धावत सुटतात. किनाऱ्यावर दिवे असले तर बिचारी उलट दिशेने जातात आणि कुत्री, कावळे, ऊन यांच्या तडाख्यात सापडतात. हजारातले एखादेच पिल्लू वाढून पुन्हा किनाऱ्यास लागते, असे सांगतात. म्हणून मोठी झालेली एक मादी मेली तर एक जीव गेला असे म्हणून भागत नाही. तिच्यामागे हजारोंची गुंतवणूक बुडते.

आणि मुख्य गोष्ट अशी की कासव पाण्यात राहते, पण श्वास आपल्यासारखा हवेत घेते. स्वस्थ असता ते पुष्कळ वेळ पाण्याखाली राहू शकते. पण जाळ्यात अडकून धडपडू लागले की त्याचा दम लवकर संपतो. ट्रॉलरचे जाळे तासन्‌तास ओढले जाते. समुद्रातला प्राणी समुद्रातच बुडून मरतो.

आता प्रश्न. अशा प्राण्याचे आपण काही देणे लागतो काय?

एक उत्तर उपयोगाचे आहे. कासवे आहेत म्हणून समुद्राचा तोल राहतो. कासवे आहेत म्हणून पाहुणे येतात व गावाला चार पैसे मिळतात. हे खरे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्याचे काम सुरू केले. पूर्वी ज्या गावात अंडी खणून नेली जात, त्याच गावात पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येऊ लागले आणि घरोघरी त्यांच्या जेवणाराहण्याची सोय होऊ लागली. आम्हांस या गोष्टीचा आनंदच आहे. परंतु उपयोगावर उभी केलेली दया उपयोग संपताच कोसळते. पाहुणे यायचे थांबले तर मग काय करावे? ज्या प्राण्याला पाहायला कोणी येत नाही, त्याचे काय?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात एक गोष्ट आहे, जी आम्ही स्वतः वीस वर्षे शिकवीत असूनही आमच्या नीट ध्यानात आली नव्हती. जलचरांना देवाने आशीर्वाद दिला तो पाचव्या दिवशी. मनुष्य घडला सहाव्या दिवशी. म्हणजे समुद्रातल्या जीवांना त्यांच्या वाढीचा आशीर्वाद मिळाला त्या वेळी त्यांचा उपयोग करून घेणारे कोणीही नव्हते. त्यांचे चांगलेपण आपल्या बाजारभावावर ठरलेले नाही. पुढे मनुष्याला समुद्रातल्या माशांवर सत्ता मिळाली हे खरे, आणि आमच्यापैकी पुष्कळ जण तेवढेच वचन लक्षात ठेवतात. पण ज्याला आधीच आशीर्वाद मिळालेला आहे त्याच्यावर मिळालेली सत्ता ही मालकाची नसते, कारभाऱ्याची असते. कारभाऱ्याला खाण्याची मुभा असते; बुडवण्याची नसते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील पक्ष्याच्या घरट्याचा नियम वाचकांना आठवत असेल. वाटेत घरटे सापडले तर पिल्ले घेण्यास हरकत नाही, पण आईला सोडून द्यावे. किती समजूतदार नियम आहे हा! भुकेल्याला उपाशी राहा असे तो म्हणत नाही. उद्याच्या घरट्याचे मूळ तोडू नको, एवढेच म्हणतो. यावर कोणी विचारील, मग कासवाची अंडी खाणाऱ्यांनी काय वाईट केले? त्यांनी तर आईला सोडूनच दिले होते. हा आक्षेप प्रामाणिक आहे. किनाऱ्यावरच्या गरिबांनी पिढ्यान्‌पिढ्या अंडी खाल्ली आणि तरीही कासवे येत राहिली. गणित बिघडले ते आईलाही सोडणे बंद झाले तेव्हा. मोठी यांत्रिक जाळी आली, किनाऱ्यावर हॉटेलांचे दिवे आले, वाळूवर खुर्च्या व गाड्या आल्या. आई आणि अंडी दोन्ही एकदम जाऊ लागली. तेव्हा आज अंड्याला हात लावू नये हे बरोबरच आहे; कायदाही तेच सांगतो. ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि ते मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण अंडी खणणारा गरीब सहज सापडतो, आणि ज्याच्यासाठी ते मोठे जाळे ओढले जाते, दिवा लावला जातो, तो मात्र सापडत नाही. तो बहुधा आपल्या घरी जेवायला बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गोव्याच्या समुद्राची नासाडी होत आहे असे आधी ओरडून सांगितले ते शहरातल्या शिकलेल्यांनी नव्हे. ते सांगितले रापणकारांनी, किनाऱ्यावरून जाळे ओढून मासेमारी करणाऱ्या साध्या माणसांनी. ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन सगळे खरवडून नेतात म्हणून १९७० नंतरच्या दशकात त्यांनी मोठे आंदोलन केले, आणि १९८० साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. समुद्रावर दया कशी करावी हे मच्छीमारांना शिकवायला निघालेल्यांनी ही गोष्ट विसरू नये.

येथे त्या मुलीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. कासव वाचवले पाहिजे हे ठरले. पण कोणाच्या खर्चाने?

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण शेकडो वेळा ऐकला आहे. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला, जखमा बांधल्या, इथपर्यंत सर्वांना पाठ असते. पण दाखला इथे संपत नाही. त्या जखमी माणसाची पुढची सेवा शोमरोनी करीत नाही. ती उतारशाळेचा रखवालदार करणार आहे. आणि शोमरोनी त्याला दयेवर प्रवचन देत नाही. तो पदरची दोन नाणी काढून देतो, आणि जास्त लागले तर परत येताना भरून देण्याचे कबूल करतो. दया कोणी केली? ज्याने खर्च सोसला त्याने. हीच गोष्ट उलटी करून पाहा. समजा शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेच्या दारात ठेवले, ‘सांभाळा हं याला, देव तुमचे भले करो’ असे म्हटले, आणि तो निघून गेला. तर त्याला आपण दयाळू म्हटले असते काय? वाचकहो, कासवाच्या बाबतीत आपण, समुद्रापासून दूर राहणारे, अगदी हेच करीत आलो आहोत. आपली दया आणि मच्छीमाराचे जाळे!

हा खर्च वाटून घेता येतो याची उदाहरणे आहेत. वडोदऱ्याच्या आमच्या वाचकांना त्यांच्याच राज्यातले एक ठाऊक असेल. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमुशी, म्हणजे तीस-चाळीस फूट लांबीचा पण निरुपद्रवी असा प्रचंड मासा येतो. पूर्वी त्याची मोठी शिकार होई. त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला लावीत, मांस परदेशी जाई. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण नुसत्या कायद्याने शिकार थांबत नाही. २००४ साली तेथे लोकांच्या मनाला हात घालणारी मोहीम सुरू झाली. कथाकार मोरारी बापूंनी त्या माशाला ‘व्हाली’ म्हटले. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, अशी कल्पना लोकांपुढे ठेवली. लेकीला कोण मारील? आणि केवळ कथेवर न थांबता, तिला सोडण्यासाठी जाळे कापले तर त्याची भरपाई वन खात्याने देण्यास सुरुवात केली. तेव्हापासून शेकडो व्हाली मच्छीमारांनी आपल्या हातांनी सोडल्या आहेत. महाराष्ट्रातही २०१८ साली अशीच योजना निघाली: संरक्षित प्राणी जाळे कापून सोडला आणि त्याचे छायाचित्र दिले, तर जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई.

ट्रॉलरच्या जाळ्यासाठीही उपाय आहे. जाळ्यात सळ्यांची एक तिरपी चौकट बसवतात. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, कासव चौकटीला अडून वरच्या झडपेतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांसाठी अशी चौकट तयार केली आहे. मच्छीमार म्हणतात, त्या वाटेने थोडी मासळीही निसटते. हे खरे आहे. २०१९ साली अमेरिकेने आपल्याकडची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले ते याच कारणावरून. तेव्हा तोच प्रश्न मोठ्या रूपात उभा राहिला: निसटलेल्या मासळीचा तोटा कोणी सोसावा, पकडणाऱ्याने की खाणाऱ्याने?

काही जण म्हणतील, दयेला पैसे दिले की ती दया राहत नाही, मजुरी होते. आम्हांस असे वाटत नाही. जाळे भरून देणे हे दयेचे मोल नव्हे. त्या माणसाने भर समुद्रात सुरी हातात घेतली त्या क्षणाचे मोल कोणी देऊ शकत नाही, आणि ते कोणी मागितलेलेही नाही. आपण द्यायचे आहे ते फक्त जाळ्याचे. गरिबाचा चांगुलपणा फुकट मिळतो म्हणून तो अधिक पवित्र मानणे, ही सोयीची भक्ती आहे.

आमच्या पंचकमिटीत हा विषय निघाला तेव्हा एका वडीलधाऱ्या बंधूंनी स्पष्ट विचारले, ‘‘मंडळीत तीन विधवा आहेत, दोघांच्या मुलांची फी भरायची आहे, आणि तुम्ही कासवांसाठी पैसे काढणार?’’ त्यांचे म्हणणे आम्ही टाकून देऊ शकलो नाही, आणि देऊही नये. विधवेच्या वाट्यातून कासवाला देणे ही दया नव्हे. तोही दुसऱ्याचाच खर्च झाला. म्हणून आम्ही इतकेच म्हणालो की पैसे कासवासाठी नाहीत, जाळे कापणाऱ्या माणसासाठी आहेत, आणि ते दानपेटीतून नकोत, आमच्या सहलीच्या जेवणातून निघोत. वडीलधारे बंधू हसले, पण त्यांनी मान हलवली नाही. चर्चा तेथेच थांबली आहे. आम्ही ती येथे लपवून ठेवीत नाही, कारण इतर मंडळ्यांतही ती होईल, आणि व्हावी.

समुद्र आपला नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. मांडवी होऊन पणजीपाशी समुद्रास मिळणारी म्हादई आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावते. आम्ही तिच्यात टाकलेले प्लॅस्टिक कोणाची परवानगी न विचारता गोव्यास पोहोचते. कासवाला तर हद्द ठाऊकच नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण केलेली एक मादी २०२५ साली गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. आम्ही सीमाभागातली माणसे. कोणते गाव कोणत्या राज्यात यावरून वाद घालण्यात आमचे आयुष्य गेले. ते कासव कोणत्या राज्याचे, हे ठरवण्याची आमची छाती नाही!

मग आपण करावे काय? मोठे काही नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; त्या दिवसांत मोठ्या ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. बोटभर पिल्ले विकायला आली तर स्वस्त म्हणून घेऊ नयेत. मंडळीची सहल मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, वेळास येथे गेली तर रात्री किनाऱ्यावर दिवे व गाणीबजावणी नको, वाळूवर गाडी नको, पिल्लाला हात लावून फोटो नको. जेथे जाळ्याची भरपाई मिळते तेथील आपल्या ओळखीच्या मच्छीमारांना अर्ज भरण्यास मदत करावी. कागदपत्रे हे आपल्यासारख्या शिकलेल्यांचे काम आहे, त्यात तरी आपण त्यांच्या उपयोगी पडू. आणि मासळीवाल्या बाईशी घासाघीस करताना एकदा थांबून विचार करावा की आपण नेमके कोणाच्या ताटातले काढून घेत आहोत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. शोमरोन्याचा पाठ शिकवताना उतारशाळेशी थांबा. मुलांना विचारा, पैसे कोणी दिले? आम्ही इतकी वर्षे हा प्रश्न विचारला नव्हता. तो आम्हांला बसमध्ये, बांगड्यांची पिशवी पायाशी असताना, एका मुलीने विचारला.

ते तीस रुपये आम्ही वेगळे काढून ठेवले आहेत. त्या बाईचा चेहरा आम्हांस आठवत नाही, त्यामुळे ते परत करता येत नाहीत. मुलांनी त्यात आपली भर घालण्यास सुरुवात केली आहे. येत्या थंडीत गालजीबागला पुन्हा जाण्याचा बेत आहे. ते आजोबा ही रक्कम घेतील की नाही, कोण जाणे. बहुधा घेणार नाहीत. पण त्यांना विचारले तरी पाहिजे. आजवर ते कोणी विचारलेच नव्हते.